सासूबाईंच्या चार सवती

लग्न होऊन मी लालबागहून गिरगावात आले तेव्हा माझ्या सासूबाईंना चार सवती होत्या, आणि चारही एकाच कपाटात नांदत होत्या. हे नातं सासूबाईंनीच ठरवलेलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाळेतले चित्रकलेचे मास्तर. नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचे चार कॅमेरे होते आणि सासूबाईंनी त्यांना पायरीप्रमाणे नावं दिली होती.

थोरली म्हणजे भात्याचा कॅमेरा. मिटला की पुस्तकाएवढा, उघडला की काळ्या भात्यातून नाक पुढे काढणारा. मधली जोडभिंगी; एकावर एक दोन डोळे, आणि तिच्यात बघायचं तर वरून मान वाकवून, देवाच्या पाया पडल्यासारखं बघायचं. धाकटी पस्तीस मिलिमीटरची. ती सगळ्यांत देखणी, सगळ्यांत नखरेल, आणि नखाएवढ्या खिडकीतून जग दाखवणारी. चौथी नुसती पत्र्याची पेटी. तिच्यात फिरवायला काही नाही, जुळवायला काही नाही. खटका दाबला की झालं. "ती बिचारी पडून असते कोपऱ्यात," सासूबाई म्हणायच्या. "तिच्याबद्दल माझी तक्रार नाही."

चार कशाला, असं जो तो विचारायचा. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते, आणि फिल्मच्या टंचाईचेही. परदेशी माल येणं कमी झालेलं. दुकानात आज या मापाचा रोल असला तर उद्या त्या मापाचा, परवा कुठलाच नाही. मामंजी सांगायचे, "घरात चार मापांची भांडी असावीत. दूध कुठल्या मापानं मिळेल सांगता येत नाही." पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे त्यांना प्रत्येक गोष्टीला वेगळी चौकट लागायची. गिरणीची चिमणी भात्याच्या लांबट निगेटिव्हवर, होड्या जोडभिंगीच्या चौकोनात, चालती माणसं पस्तीसवर. त्यामुळे दर रविवारी चारही सवती बाहेर निघत, आणि त्यांना वाहणारी मी.

हे काम खरं त्यांच्या मुलाचं. पण माझे यजमान रविवारी झोपत, आणि झोपेत त्यांना विलक्षण गती होती. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "गिरणगावातली आहे. उचलेल."

उचललं. दोन खांद्यांवर दोन, गळ्यात एक, पिशवीत पेटी आणि रोल. शिवाय काखेत तिपाई. पुढे काळी टोपी, पांढरा कोट आणि छत्री घेतलेले मामंजी, मागे पाचवारी खोचलेली मी. आम्ही जिना उतरू लागलो की चाळ दारांत येऊन उभी राहायची. "निघाली वरात," कुणीतरी म्हणायचं. लालबागला माझ्या माहेरावरून जायची वेळ आली तेव्हा आई खिडकीतून बघत राहिली आणि खाली येऊन माझ्या कानात म्हणाली, "गो बाय, तुका सून म्हणून नेल्यानी काय हमाल म्हणून?"

परळच्या नाक्यावर एकदा हवालदारानं अडवलं. भिंतीवरच्या घोषणांचा चुना अजून ओला होता आणि पोलिसांना प्रत्येक पिशवीत दगड दिसत होते.

"कुठल्या पेपरचे?"

"कुठल्याच नाही. घरचेच."

"मग चार कशाला? एकात फोटो येत नाय काय?"

"हवालदारसाहेब, तुमच्या अंगरख्याला खिसे किती?" मामंजींनी विचारलं.

हवालदारानं आपल्या चार खिशांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि आम्हाला सोडून दिलं.

इथवर सगळं हसण्यासारखंच होतं. मी आजही चार बायकांत बसले की हे एवढंच सांगते, आणि चहा आला की थांबते. पुढचं सहसा सांगत नाही.

शिवडीला गोदामांच्या रस्त्यावर आम्ही चाललो होतो. समोरून कापसाच्या गाठी लादलेली हातगाडी येत होती. गाडीवाला लांबून ओरडत होता, "ओ काका, बाजू." मामंजी सरळ चालत राहिले. गाडीची दांडी त्यांच्या उजव्या खांद्याला घासून गेली तेव्हा ते दचकले, जणू गाडी आकाशातून पडली होती. मी हसले. मला वाटलं, कलावंत माणूस, नजर खिळली असेल कुठल्यातरी छपरावर.

ते बाजूच्या दगडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उजवा डोळा गेलाय," म्हणाले. साध्या आवाजात, दूध संपलंय म्हणावं तसं.

"कधी?"

"कधी म्हणून नाही. भाडेकरू जागा सोडतो तसा गेला, एकेक सामान हलवत. काचबिंदू म्हणतात. डाव्यातही शिरलाय. कडा गेल्यात. मधलं तेवढं दिसतं, नळकांड्यातून बघितल्यासारखं." मग म्हणाले, "एका दृष्टीनं सोय आहे. चौकट आयती मिळते."

परळच्या एका डॉक्टरांना ते एकट्यानं दाखवून आले होते. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून जेवढं टिकेल तेवढं, असं डॉक्टर म्हणाले होते. थेंबांची बाटली ते रसायनांच्या बाटल्यांमध्ये ठेवत. तिथे सासूबाई हात लावत नसत.

"आईंना सांगायला हवं," मी म्हटलं.

"नाही. तुझ्या नवऱ्यालाही नाही." मग त्यांनी विचारलं, "आपल्या गॅलरीच्या टोकाला आजोबा बसतात, बघितलंस?"

बघितलं होतं. त्या म्हाताऱ्यांचे डोळे गेले होते. घरचे फार चांगले. वेताची खुर्ची आणली, गॅलरीच्या टोकाला ठेवली, पायांखाली पाट. सकाळी धरून बसवायचे, संध्याकाळी धरून आत न्यायचे. आजोबा, चहा उजव्या हाताला आहे. आजोबा, ऊन आलं, खुर्ची सरकवतो हं. माणूस कित्येक वर्षांत जिना उतरला नव्हता. कुणी त्यांना छळलं नव्हतं. सगळ्यांनी काळजीच घेतली होती.

"डोळा जायचा तर जाईल," मामंजी म्हणाले. "त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मला त्या खुर्चीत बसायचं नाही. माझा रविवार राहिला पाहिजे. राहील तितका."

म्हणून मी गप्प बसले.

त्यानंतरचे रविवार दिसायला तसेच, पण आतून वेगळे होते. मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालू लागले. पायरी आली की तिपाई जमिनीवर टेकवायची, खट्. गाडी आली की खोकायचं. चाळीतल्या बायकांनी माझ्या खोकल्यावर अडुळशाचा काढा सुचवला, आणि तो मला प्यावाही लागला. मामंजी पूर्वीपेक्षा जास्त चालत. नायगाव, परळ, लालबाग, शिवडी. गिरण्यांचे भोंगे, पोलिसांच्या चाळी, बंदच्या दिवशीचे ओस रस्ते. एकदा प्रभातफेरी आमच्या बाजूनं गेली, मुंबई आमची म्हणून गर्जत. मामंजी फुटपाथवर उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि फेरी लांब गेल्यावर म्हणाले, "मिळणार यांना. मिळेल नक्की. मला फक्त तोवर बघून घेऊ दे."

आणि माझ्या खांद्यावरचं ओझं कमी होऊ लागलं.

पहिल्यांदा धाकटी घरी राहिली. तिच्या नखाएवढ्या खिडकीत दोन प्रतिमा एकमेकींवर आणून ठेवायच्या असत, आणि त्या त्यांना सापडेनात. मग मधली राहिली. काचेवर वाकून ते बराच वेळ बसत आणि मला विचारत, "बघ गं, शिडाची दोरी सुटी दिसते का?" मला दिसायची. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवसापासून मधली कपाटात गेली. राहिली भात्याची, जिच्यावर अंतराचे फूट कोरलेले होते. मी पावलं टाकून मोजायची आणि ते काटा फिरवायचे. आणि पेटी, जिला काहीच लागत नव्हतं. एके काळी मला वाटायचं, कधी हलकी होईल ही पिशवी. आता ती जितकी हलकी होई, तितकी मला उचलवेनाशी झाली.

घरी कारणं द्यावी लागत. मधलीच्या भिंगाला मुंबईच्या दमट हवेनं बुरशी आली. धाकटीचा रोल मिळत नाही. हे दुसरं कारण झकास होतं, कारण तो खरोखरच मिळत नव्हता. मामंजी ते रंगवून सांगत. जेवताना सुस्कारा टाकून म्हणायचे, "पस्तीसचा रोल असता तर." त्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकं बसवली होती, सुस्कारा कुठे टाकायचा ते त्यांना कळत होतं.

एक चूक झाली. समोर बसलेली प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकणारी आहे, हे आम्ही दोघंही विसरलो.

सासूबाईंचा भाचा बोटीवर नोकरीला होता. त्याला त्यांनी कधी सांगितलं, कसं सांगितलं, आम्हाला पत्ता नाही. काही महिन्यांनी तो एडनहून आला आणि एका दुपारी सासूबाईंनी जेवणानंतर पानाच्या डब्याशेजारी एक छोटी पत्र्याची डबी ठेवली. आत पस्तीसचा रोल.

"घ्या," त्या म्हणाल्या. "किती दिवस झुरताय त्या भवानीसाठी."

मामंजींनी डबी हातात घेतली. बोटांनी चाचपली. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सासूबाई आनंद समजल्या.

"आणि ऐका," त्या पुढे म्हणाल्या, "या रविवारी मी येणार. एवढा एडनहून आणवला तर पहिला फोटो माझा. आजवर तुम्ही चिमण्यांचे काढलेत, होड्यांचे काढलेत, बैलांचेसुद्धा. माझा लग्नातला सोडला तर एक नाही."

"तूच काढू द्यायची नाहीस. आयुष्य कमी होतं म्हणायचीस."

"आता किती कमी व्हायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि कफ परेडला जाऊ. कोळणींकडून ताजी मासळी तरी मिळेल."

रविवारी आम्ही तिघं निघालो. सासूबाईंनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलेलं, केसांत अबोलीचा गजरा, हातात मासळीची पिशवी. मी मागे, गळ्यात धाकटी. मामंजी आदल्या दिवशी मला फक्त एवढंच म्हणाले होते, "तू मधे बोलायचं नाहीस."

किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्या होत्या, दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. सासूबाई एका होडीच्या काठावर टेकल्या. मामंजींनी धाकटी हातात घेतली, रोल चढवून आणलेलाच होता. त्यांनी कॅमेरा वर उचलला आणि उजव्या डोळ्याला लावला.

मला वाटलं, सवयीनं चुकले. गेल्या वर्षभरात त्यांनी डाव्या डोळ्यानं बघायची सवय करून घेतली होती. मी पुढे झालेसुद्धा. तेव्हा त्यांनी डावा डोळा घट्ट मिटला, आणि मला कळलं. सासूबाईंनी संसारभर त्यांना उजवा डोळा लावून, डावा मिटूनच फोटो काढताना पाहिलं होतं. डावा लावला असता तर त्यांनी तिथल्या तिथे विचारलं असतं. म्हणून चालता डोळा मिटून आणि मेलेला उघडा ठेवून ते आपल्या बायकोचा फोटो काढत होते.

"हनुवटी जरा खाली," ते म्हणाले. "आता बोल काहीतरी. गप्प बसलीस की चेहरा दगडासारखा येतो."

"काय बोलू?"

"एवढी वर्षं हा प्रश्न पडला नाही तुला."

सासूबाई हसल्या आणि बोलू लागल्या. मामंजी आवाजाच्या दिशेनं कॅमेरा धरून होते. खटका, गुंडाळी, खटका. इतक्या सफाईनं, की मलाही क्षणभर वाटलं, दिसतंय त्यांना. पण सासूबाईंना बसून बोलणं माहीत नव्हतं. पलीकडे कोळीण टोपली घेऊन आली तशा त्या तिथूनच सुरू झाल्या, "काय गं, पापलेट कालचं दिसतंय." कोळीण म्हणाली, "तुमीच कालच्या हाव बाय, पापलेट आजचा हाय." मग दोघींची जुंपली. सासूबाई उठून इकडे, कोळीण तिकडे, आवाज सगळीकडे. मामंजी भुतासारखे आवाजामागे कॅमेरा फिरवत राहिले, रोल संपेपर्यंत. मला मधे बोलायचं नव्हतं. मी वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत उभी राहिले.

रोल त्यांनी स्वतःच धुतला, मोरीला काळं कापड लावून. काळोखातलं काम त्यांना अजून सहज जमत होतं. पण छापलेले फोटो मीच सुकवले, आणि ते लपवायच्या आधी सासूबाई हात पुसत आल्या. "आण इकडे."

त्या फोटो घेऊन गॅलरीच्या उजेडात गेल्या. मी दारात थांबले. आकाश. डोलकाठी. नुसती वाळू. कोळीण, कमरेवर हात ठेवून, खदखदून हसणारी, फार सुंदर आलेली. आणि तिच्या कडेला कुणाचंतरी कोपर आणि मासळीची पिशवी. एकात सासूबाईंचा अर्धा गजरा. एवढ्या सगळ्यांत त्या कुठेच नव्हत्या.

त्यांनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग आत गेल्या. मामंजी आरामात बसले होते, म्हणजे तसं दाखवत होते.

"कसे आलेत?" त्यांनी विचारलं.

"बरे आलेत," सासूबाई म्हणाल्या. "जरा जाड दिसतेय मी."

"तू आहेसच जाड."

"दुसऱ्यात हसतेय ते चांगलं आलंय. दात नाही दिसले, एक बरं."

मामंजींच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. सासूबाई तशाच स्वयंपाकघरात आल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं, हातगाडीपासून. थेंबांची बाटली कुठे असते तेही.

"मला का नाही सांगितलंत?"

मी खिडकीतून गॅलरीच्या टोकाकडे बघितलं. तिथे आजोबांची खुर्ची होती, आजोबा होते, आणि कुणीतरी त्यांना सांगत होतं की चहा आलाय. सासूबाईंनीही तिकडे बघितलं. त्या रागावतील, रडतील, मला बोलतील असं वाटलं होतं. त्या भाजीची पाटी पुढे ओढून खाली बसल्या.

"बसवलं असतं मी," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. काळजीनं बसवलंच असतं."

पुढच्या रविवारी मी कॅमेरे काढायला गेले तर पिशवी भरलेली होती. चारही आत. सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मीही येते. घरात बसून माझा गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणतात चाला." कुठले डॉक्टर, कधी भेटले, कुणी विचारलं नाही. जिन्याशी आल्यावर त्या मामंजींना म्हणाल्या, "अहो, हात द्या जरा. मला उतरवत नाही."

त्या काळी आमच्या चाळीत त्या वयाची नवराबायको एकमेकांचा हात धरून जिना उतरत नसत. बायका दारांत आल्या. एकीनं म्हटलंच, "काय हो, आता दुसरा मधुचंद्र?"

"पहिला कुठे झाला होता?" सासूबाई म्हणाल्या आणि पुढची पायरी आली तशा ओरडल्या, "अगंबाई, केवढी उंच ही पायरी."

मग त्या रस्ताभर ओरडत राहिल्या. फुटपाथ आला की मेला हा फुटपाथ. खड्डा आला की या खड्ड्यानं माझा जीव घेतला. गाडी आली की थांबा हो, माझा पाय उचलत नाही. गिरगावातला एकही दगड त्यांनी शिव्या दिल्याशिवाय सोडला नाही, आणि मामंजी त्यांना आधार देत, "हळू, हळू चल," म्हणत एकदाही न ठेचकाळता चालले. ठाकुरद्वाराच्या आसपास ते माझ्याकडे किंचित झुकले.

"हिच्या गुडघ्याला काही झालेलं नाही," ते पुटपुटले.

"नाही," मी म्हटलं.

"बोलू नकोस तिला."

तसे रविवार बरेच मिळाले. कॅमेरे मी चारही नेत होते आणि चारही परत आणत होते. आधी ते पेटी मागायचे, मग कधीतरी मागायचे, मग विचारायचे फक्त, बरोबर आहेत ना म्हणून. राज्य झालं, मुंबईसकट झालं. त्या वर्षी रस्त्यांवर केवढी रोषणाई होती, ते आम्ही दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी सांगितलं, एकमेकींचं बोलणं तोडत. त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही सांगितलेले रंग जुळत नव्हते, तरी काही बोलले नाहीत.

शेवटी खुर्ची आली. कुणी ठरवून आणली नाही. सासूबाईंचे गुडघे खरेच गेले. एका पावसाळ्यात सुजले ते उतरलेच नाहीत. जिना त्यांना खरोखरच उतरवेना, पण मामंजींना त्यांनी घरकामातून निघवत नाही एवढंच सांगितलं. मी मामंजींना घेऊन जाते म्हटलं, पण तोवर माझ्या कडेवर मूल होतं, आणि त्यांनाही सासूबाईंच्या ओरडण्याशिवाय रस्ता चालवेना. ते गॅलरीत बसू लागले. घरातून सासूबाईंच्या कण्हण्याचा आवाज यायचा, पाट सरकवताना, चुलीपुढून उठताना.

एकदा मी त्यांना चहा द्यायला गेले. आतून आवाज आला, "अगंबाई, गुडघा." मामंजींच्या चेहऱ्यावर जुनं मिश्कील हसू आलं. त्यांनी मान आत वळवली आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, आता कशाला? मी तर इथे बसलोय. आता नाटक पुरे की."

मी आत बघितलं. सासूबाई भिंत धरून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी, ओठ दाताखाली धरलेला. त्यांनी मला हातानं गप्प राहायची खूण केली.

"सवय लागली हो," त्या म्हणाल्या. "आता जात नाही लवकर."

मामंजी हसले, समाधानानं. मी त्यांना चहा कुठे ठेवलाय ते सांगितलं आणि आत जाऊन सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावायला बसले.